बारा दिवस बंद असलेल्या घरात पिसवा आल्या कुठून?

गच्चीवरची_तुळस | १९ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. तळमजला, मागे छोटं अंगण. घरात मी, नवरा, सासूबाई, चार वर्षांची लेक, शेरू नावाचा गावठी कुत्रा आणि मनी मांजर. गणपतीला बारा दिवस मंगळवेढ्याला गावी गेलो होतो. शेरू आमच्याबरोबर गाडीत, मनी माझ्या बहिणीकडे अक्कलकोट रोडला. म्हणजे घरात बारा दिवस चिटपाखरू नव्हतं.

परवा संध्याकाळी कुलूप काढलं, बॅगा हॉलमध्ये टेकवल्या, आणि पाच मिनिटांत लेक रडायला लागली. पायाला काहीतरी चावतंय म्हणाली. बघितलं तर तिच्या पांढऱ्या मोज्यांवर तिळाएवढे काळपट ठिपके, आणि ते ठिपके उड्या मारत होते. मोजता आले तेवढे १७. एक चिमटीत धरली, तर दाबूनही मरेना. शेवटी नखावर नख ठेवलं तेव्हा टच्च झाली.

सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "जनावरं बाहेर काढा, नाहीतर मी गावी परत जाते." त्यांचंही चूक नाही. नातीच्या दोन्ही घोट्यांभोवती लाल पुरळ उठलंय, रात्रभर खाजवते. पण शेरू सात वर्षं आमच्याकडे आहे. त्याला कुठे काढू?

गावी जायच्या आधी आम्हाला घरात एकही पिसू दिसली नव्हती. मग रिकाम्या घरात एवढ्या आल्या कुठून? आणि आता नेमकं काय करू? कालपासून फिनेलने तीनदा फरशी पुसली, डांबर गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात टाकल्या. काही फरक नाही.

---

शेंगाचटणी | १९ सप्टेंबर, रात्री ९:५८

अहो वहिनी, आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात सेम टू सेम झालं होतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध मिळतं, छोट्या नळीतलं. ते आणा, शेरूला घाला. मनीला त्यातलंच अर्धं घाला, वेगळे पैसे कशाला घालवता? दोन दिवसांत विषय संपला.

---

पाटा_वरवंटा | १९ सप्टेंबर, रात्री १०:१५

बाळा, घाबरू नकोस. आमच्या लहानपणी गोठ्यात पिसवा पायाला लगडायच्या. आई सीताफळाच्या बिया वाळवून कुटायची आणि ती पूड गोठ्यात टाकायची, जनावरांच्या अंगालाही चोळायची. बार्शीकडे सीताफळाला काय तोटा? कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दे संध्याकाळी. वेखंडही चालतं.

---

गोठा_ते_घर | १९ सप्टेंबर, रात्री १०:४०

ताई, मी पशुवैद्यक आहे, होटगी रोडला असतो. आधी एक महत्त्वाचं, बाकीचं नंतर.

शेंगाचटणींनी सांगितलेलं कृपा करून करू नका. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते पचतं. मांजराच्या यकृताला ते मोडून बाहेर टाकता येत नाही. अर्धा डोस, पाव डोस असा हिशेब इथे चालत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जातं. शेरूला असं औषध घातलं तरी मनी त्याच्या अंगाला बिलगून झोपते का, त्याला चाटते का, हे बघावं लागतं.

फिनेल आणि डांबर गोळ्याही आजच काढा. मांजर फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. दोन्ही गोष्टी मांजराला विषारी आहेत, आणि पिसवांवर त्यांचा म्हणावा तसा उपयोगही नाही. लेक चार वर्षांची आहे, तिच्या हाती गोळी लागायला नको.

पाटा_वरवंटा आजी, तुमचा सीताफळाचा उपाय खराच जुना आहे आणि त्या बियांत किडे मारायचा गुण आहे. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला मोठी इजा होते. डोक्यातल्या उवांसाठी ती वापरून डोळे दुखावून घेतलेली माणसं असतात. लहान मूल आणि तोंडाने अंग चाटणारी जनावरं असलेल्या घरात नको.

आता तुमचा खरा प्रश्न, आल्या कुठून. त्या आल्या नाहीत ताई, त्या घरातच होत्या. उद्या सकाळी नीट लिहितो, आत्ता एक गाय अडली आहे.

---

पाटा_वरवंटा | १९ सप्टेंबर, रात्री १०:५२

डॉक्टर, बरं झालं सांगितलंत. आईचे डोळे उतारवयात गेलेच होते, आता मनात आलं. पूड नको बाळा. धुरीपण नातीला सोसायची नाही, राहू दे.

---

निळीशाई | १९ सप्टेंबर, रात्री ११:२०

शेंगाचटणी, तुमच्यावर रागावून लिहीत नाहीये. पण लिहायलाच हवं.

आमचा गोटू. पांढऱ्यावर केशरी ठिपके. तीन वर्षांपूर्वी पिसवा झाल्या, दुकानात विचारलं, काउंटरवरच्या मुलाने नळी दिली आणि म्हणाला, कुत्र्यामांजराला एकच असतं. संध्याकाळी सहाला मानेवर टाकलं. नऊच्या सुमारास त्याचे कान फडफडायला लागले, मग मिशा, मग सगळं अंग. मला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं. धुऊन काढायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पहाटे चारला गेला. चादर अजून कपाटात आहे, वापरवत नाही.

डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं. मी ते बघितलं होतं.

---

शेंगाचटणी | १९ सप्टेंबर, रात्री ११:३४

निळीशाई, वाचून बसवेना. मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे फक्त कुत्रा आहे, मांजराचं मी अंदाजाने ठोकून दिलं. असं पुन्हा कधी लिहिणार नाही. वहिनी, माझा सल्ला विसरा.

---

गोठा_ते_घर | २० सप्टेंबर, सकाळी ७:०५

गाय सुटली, कालवड झाली.

निळीशाई, तुमची चूक नव्हती. पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो: चुकून असं औषध मांजराला लागलं तर कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून ती जागा लगेच धुवा, टॉवेलने कोरडं करा आणि तसंच्या तसं दवाखान्यात न्या, औषधाचं खोकं बरोबर घेऊन. झटके चालू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट निघा.

आता पिसवांचं. जनावराच्या अंगावर दिसते ती मोठी पिसू. ती अंगावरच राहते, रक्त पिते आणि दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. अंडी मोत्यासारखी पांढरी, गुळगुळीत. केसांत चिकटत नाहीत, गळून पडतात. म्हणजे शेरू जिथे झोपतो, मनी जिथे उडी मारून उतरते, तिथे तिथे मीठ भुरभुरल्यासारखी अंडी पडतात. त्यातून बारीक अळ्या निघतात. त्या उजेडापासून पळतात. दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत, पायपुसण्याच्या आत जातात. त्यांचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची वाळलेली रक्ताळ विष्ठा, तीही वरून गळतच असते. मग अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते. त्या कोषाला धूळ, केस, वाळू चिकटते आणि तो घरातल्या कचऱ्यासारखाच दिसतो. ढोबळमानाने अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा वीस भागांतला एक भाग. बाकीचा सगळा जमिनीवर.

तुमच्या घरात गावी जायच्या आधीच अंडी-अळ्या होत्या. बारा दिवसांत त्या कोषात गेल्या आणि आत तयार होऊन थांबल्या. कोषातली पिसू घाईने बाहेर येत नाही. पावलांची थरथर, अंगाची ऊब, आपल्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, असं काही जाणवलं की ओळखते, जेवण आलं. नाहीतर चार-पाच महिनेही आत बसू शकते. तुम्ही कुलूप काढलंत, बॅगा आपटल्यात, लेक धावली. सगळ्या एकदम उठल्या. शेरू-मनी घरात असते तर त्या थोड्या थोड्या निघून त्यांच्या अंगावर गेल्या असत्या. ते नव्हते म्हणून तुमच्या पायांवर आल्या.

म्हणून सासूबाईंना हे आवर्जून सांगा: जनावरं आत्ता बाहेर काढली तर चावे कमी होणार नाहीत, वाढतील. औषध घातलेला शेरू घरात फिरणं हाच उत्तम उपाय आहे. पिसू त्याच्यावर जाते आणि मरते.

दोघांना तपासायला न्या. वजन केल्याशिवाय इथे डोस सांगणार नाही.

---

गच्चीवरची_तुळस | २० सप्टेंबर, सकाळी ८:३०

डॉक्टर, तुमची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण "वाढतील" हा शब्द मला परत वाचायला लावला. डांबर गोळ्या गोळा करून बांधून टाकल्या. उद्या दोघांना घेऊन जातोय.

---

विजापूररोड | २० सप्टेंबर, सकाळी १०:१०

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. लहान मूल असलेल्या घरात जनावर आतच का ठेवावं? आमच्या वडिलांकडे कुत्रा होता, पण अंगणात. त्याची जागा त्याला, आमची आम्हाला. अंथरुणात घ्यायचं आणि मग औषधं शोधायची, हे मला पटत नाही.

---

माग_धोटा | २० सप्टेंबर, सकाळी ११:००

विजापूररोड अण्णा, अंगणातल्या कुत्र्याला पिसवा होत नाहीत काय? आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. आत एकही पाळीव जनावर नाही. मागच्या श्रावणात कामगार पाय खाजवत माग चालवायचे. आम्ही समजत होतो सुताचा गर्दा बाधतोय. ढेकूण म्हणून एकदा फवारणीपण केली.

मग एकाने सुताच्या वेस्टचा ढीग उपसला, तर खाली भटकी मांजरी चार पिल्लं घेऊन बसलेली. ढिगात हात घातला की कोपरापर्यंत काळं. वेस्ट म्हणजे या किड्यांना गादीच. ऊब, अंधार, ओल. पिल्लं तर इतकी मलूल होती की त्यांच्या हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. एक वाचलं नाही. बाकीची तीन मी घरी नेली, आता दांडगी झालीत.

वेस्ट त्याच दिवशी बाहेर काढून जाळली. फरशी खरवडली. तरी महिनाभर थोड्या थोड्या निघतच होत्या.

---

तीन_पिल्लं | २० सप्टेंबर, दुपारी १२:२०

हिरड्यांचं वाचून धस्स झालं. माझ्याकडे पाच आठवड्यांची पिल्लं आहेत आणि त्यांच्या अंगावर पिसवा आहेत. मानेवरचं औषध घालू का?

---

गोठा_ते_घर | २० सप्टेंबर, दुपारी १:०५

तीन_पिल्लं, नका घालू. मांजराच्या पिल्लांना बरीच औषधं आठ आठवड्यांच्या आत चालत नाहीत. उवांची बारीक दातांची फणी घ्या, मानेपासून शेपटीकडे विंचरा, दर वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. पिसवा पाण्यातून उड्या मारतात, साबण असला की बुडतात. अंग पुसून लगेच कोरडं करा, पिल्लांना गारठा सोसत नाही. ओठ उलटून हिरड्या बघा. फिक्या दिसल्या तर आजच्या आज दवाखाना. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार, पन्नासेक पिसवा त्याला पुरतात. आईवरही उपचार करावे लागतील, पण दूध पाजणारी आहे हे सांगून औषध घ्या.

---

काचेचा_मासा | २० सप्टेंबर, दुपारी ३:१५

घरात फवारणी करून घेणार असाल तर माझा अनुभव लक्षात ठेवा. फवारणीवाल्यांनी झाकायला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. फिशटँकचा हवेचा पंप चालू होता, खोलीतली हवा पाण्यात ओढत होता. अकरा गोल्डफिश संध्याकाळपर्यंत उलटे झाले. ही औषधं माशांना फार घातक असतात. टाकी ओल्या चादरीने झाका, पंप बंद ठेवा, जमलं तर टाकीच हलवा. पोपट-लव्हबर्ड्स तर घराबाहेरच न्या.

---

कंबरतलाव | २० सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

पिसू म्हटलं की आमच्या पिढीला दुसरंच आठवतं. माझी आजी सांगायची, प्लेग आला की घरात आधी उंदीर पडायचे. उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहायचं. घराला कुलूप, गुरं बरोबर, आणि दोन-तीन महिने माळावर संसार. उंदीर का पडतात, माणसाला कसा होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण उंदीर मेलेल्या घरात झोपायचं नाही, एवढं ठाऊक होतं.

मुंबईत प्लेग उघडकीला आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. आणि उंदराकडून माणसाकडे प्लेग पिसू नेते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. बऱ्याच जणांनी तेव्हा मानलं नाही. बंद घराला कुलूप लावून पळालेल्या त्या माणसांचं आणि आज कुलूप उघडलेल्या या ताईंचं वाचताना मला ते सगळं आठवलं.

---

गच्चीवरची_तुळस | २० सप्टेंबर, सायंकाळी ७:१०

काका, सासूबाईंनी हे वाचलं आणि आता त्यांना प्लेगची भीती वाटतेय.

---

गोठा_ते_घर | २० सप्टेंबर, रात्री ८:००

आजींना सांगा, घाबरायचं कारण नाही. प्लेगवाली मुख्यतः उंदराच्या अंगावरची पिसू. कुत्र्या-मांजरांवर आपल्याकडे असते ती बहुतेक वेळा वेगळी, मांजरपिसू. नाव मांजराचं असलं तरी कुत्र्यावरही तीच. हिच्यामुळे घरात खरा त्रास होतो तो चाव्यांचा, जनावराच्या कातडीचा, आणि पट्टकृमीचा. जनावर अंग चावताना पिसू गिळतं, तिच्या पोटातून कृमी जातो. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखं हलताना दिसलं तर समजा. क्वचित लहान मुलांनाही होतो, चुकून पिसू तोंडात गेली तर. म्हणून जंताचं औषध बरोबरीने द्यायचं.

---

गच्चीवरची_तुळस | २१ सप्टेंबर, रात्री ९:००

आज दोघांना नेऊन आणलं. डॉक्टरांनी शेरूच्या शेपटीच्या बुडाशी केस विस्कटून दाखवले. तिथे काळ्या मिरीची भरड टाकल्यासारखी पूड होती. ती ओल्या पांढऱ्या कापसावर घेतली आणि मिनिटभरात कापसावर गंजासारखे तांबूस डाग पसरले. म्हणाले, माती असती तर काळीच राहिली असती, हे पचलेलं रक्त आहे. तुमच्याच कुत्र्याचं. सासूबाईही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी तो कापूस हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला.

शेरूला गोळी दिली, तिचा परिणाम बारा आठवडे. त्याला कधी फिट आली होती का, हे आधी विचारलं. तसं असेल तर या गोळ्या जपून द्याव्या लागतात म्हणे. मनीला मांजराचंच मानेवरचं औषध, दर महिन्याला. दोघांना जंताचं. पाच मिनिटांत सगळं झालं. आता घर.

---

शेंगाचटणी | २१ सप्टेंबर, रात्री ९:२५

वहिनी, यावेळी स्वतः केलेलंच सांगतो. जेवणाच्या ताटलीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. रात्री दिवे मालवून ताटली जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर झिरोचा बल्ब येईल असं करा. पिसवा उजेडाकडे उडी मारतात आणि पाण्यात पडतात. यानं पिसवा संपत नाहीत, पण रोज सकाळी मोजलं की कमी होतायत का वाढतायत ते कळतं. कुत्रं पाणी पिणार नाही एवढं बघा.

---

बार्शीची_लेक | २१ सप्टेंबर, रात्री १०:००

घराचं माझ्याकडून. व्हॅक्यूम असेल तर रोज फिरवा, नसेल तर शेजारून मागून आणा. फरशीवर फिरवून भागत नाही. सोफ्याच्या फटीत, दिवाणाच्या खाली, भिंतीच्या कडेने. जमलेला कचरा पिशवीत घालून गाठ मारून लगेच बाहेर, नाहीतर त्यातूनच परत निघतात. आमच्या जुन्या घराला शहाबादी फरशी आहे. तिचे सांधे उघडे पडले होते. मी टाचणीने एका सांध्यातली धूळ उकरून काळ्या कागदावर टाकली तर त्यात केसाएवढ्या पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. सगळे सांधे खरवडून व्हाइट सिमेंट भरलं तेव्हा कुठे थांबलं.

आणि गोधड्या, चादरी, शेरूचं पोतं, सगळं उकळत्या पाण्यात.

---

गच्चीवरची_तुळस | २१ सप्टेंबर, रात्री १०:१२

उकळत्या पाण्यात रोज धुवायला आमच्याकडे पाणी कुठलं ताई? चार दिवसांनी नळ येतो.

---

बार्शीची_लेक | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

हो गं, ते विसरलेच. मग रोज धुऊ नकोस. नळाच्या दिवशी एकदम धू, मधल्या दिवशी सगळं गच्चीवर उन्हात. दोन्ही बाजूंनी उलटून, दुपारभर. आणि शेरूची झोपायची जागा एकच ठेव. तीन ठिकाणी झोपला तर तीन जागा साफ करायच्या.

---

गोठा_ते_घर | २१ सप्टेंबर, रात्री १०:४५

उन्हाचं अगदी बरोबर. अळ्यांना ओल लागते. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या खाली गेली की त्या वाळून मरतात. म्हणून आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पिसवांच्या तक्रारी कमी आणि श्रावण-भाद्रपदात रांग. ऑक्टोबरचं ऊन आता तुमच्या बाजूने आहे. तोवर फरशी ओली ठेवू नका. पुसली की पंखा लावा.

---

पाटा_वरवंटा | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आमच्या काळी गमॅक्सिनची पावडर टाकायचे. ती मिळते का अजून?

---

गोठा_ते_घर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:५०

आजी, ती म्हणजे बीएचसी नावाचं जुनं कीटकनाशक. १९९७ पासून आपल्याकडे बंदी आहे. कुणाकडे जुना डबा पडलेला असेल तरी उघडू नका. गोचिडांसाठी गुरांना वापरतात ते औषधही गावाकडून आणून कुत्र्या-मांजराला लावू नका. रॉकेल तर मुळीच नको. कातडी भाजते, चाटलं की फुप्फुसात जातं.

---

गच्चीवरची_तुळस | ३ ऑक्टोबर, रात्री ११:१०

आज खूप निराश होऊन लिहितेय.

२४ तारखेला फवारणी करून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं अळ्या वाढू न देणारं औषधही त्यात घालायला लावलं. जमीन वाळेपर्यंत आम्ही सगळे बहिणीकडे. रोज व्हॅक्यूम. दोन नळांना दोनदा धुणं. ताटलीतला आकडा लेकीच्या पाटीवर लिहितो: पहिल्या रात्री ३१, मग २६, २२, १२, ९. मला वाटलं झालं. आणि काल एकदम २८! आज परत लेकीच्या पायावर नवे चावे. सासूबाईंनी पिशवी भरायला घेतलीय. फवारणीवाले म्हणतात, आमचं काम झालं, परत यायचे वेगळे पैसे. मी कुठे कमी पडले?

---

माग_धोटा | ३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

कुठेच नाही अक्का. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. मधे एकदम उसळतात.

---

गोठा_ते_घर | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, हे होणारच होतं आणि मी आधीच सांगायला हवं होतं, ती माझी चूक. फवारणी मोठ्या पिसवांना मारते, अळ्यांना अडवते. कोषात मात्र शिरत नाही. फवारणीच्या दिवशी जे कोष होते ते आता फुटतायत, आणि व्हॅक्यूमच्या थरथरीने जरा जास्तच फुटतायत. ही चांगली गोष्ट आहे. आत बसलेल्या पिसूचं आपल्याला काही करता येत नाही, बाहेर आलेली मरते. आता नवी अंडी कोणी घालत नाहीये, कारण शेरू-मनीवर गेलेली पिसू अंडी घालायच्या आधी मरते. म्हणजे साठा आहे तेवढाच आहे, भर पडत नाही.

फणी फिरवून बघा. शेरूच्या अंगावर जिवंत, चपळ पिसवा मिळतात की मरतुकड्या?

---

गच्चीवरची_तुळस | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आत्ता फिरवली. चार मिळाल्या. तीन मेलेल्या, एक पाय हलवत होती पण उडी मारता येईना. काळी पूड जवळजवळ नाही.

---

गोठा_ते_घर | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मग थांबू नका. आजींना पिशवी सोडायला सांगा. व्हॅक्यूम चालू ठेवा.

---

विजापूररोड | ४ ऑक्टोबर, दुपारी २:००

ताई, मी आधी जे लिहिलं ते तत्त्व म्हणून मला अजूनही बरोबर वाटतं. पण माग_धोटांचं वाचून आमच्या अंगणातल्या कुत्र्याच्या शेपटीखाली ओला कापूस लावून बघितला. तांबडा झाला. त्याला कधी कुणी बघितलंच नव्हतं. माझ्याकडे व्हॅक्यूम आहे, मोठा, गाड्या साफ करायचा. तुम्ही जुळे सोलापूरला म्हणालात, मी जवळच आहे. हवा तेवढे दिवस ठेवा.

---

गच्चीवरची_तुळस | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

दादा, खूप आभार. निरोप पाठवते.

---

निळीशाई | ५ ऑक्टोबर, रात्री १०:००

मनी कशी आहे? तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून.

---

गच्चीवरची_तुळस | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मनी छान आहे. औषध घातल्यावर रात्रभर मी तिच्या शेजारी बसले होते, तुमचा गोटू डोक्यात होता. कानांकडे बघत होते सारखी. काही झालं नाही. सकाळी उठून दूध मागितलं.

---

गच्चीवरची_तुळस | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४०

मंडळी, उशिरा लिहितेय, दिवाळीत वेळच झाला नाही.

दादांच्या व्हॅक्यूमने दिवाणाखालून जे निघालं ते सांगण्यासारखं नाही. तिथेच मुख्य अड्डा होता. मनी दुपारी दिवाणाखाली झोपायची हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दिवाण उभा करून तिथली जागा आठ दिवस रोज साफ केली, आतली जुनी गादी फेकली. ताटलीचे आकडे: १० ऑक्टोबरला १४, २० ला ५, मग दोन-एक, कधी शून्य. ४ नोव्हेंबरपासून आजपर्यंत एकही नाही. दिवाळीत पाहुण्यांची पोरं उघड्या पायांनी हॉलमध्ये लोळली.

सासूबाई गावी गेल्या नाहीत. त्यांनी बांगड्यांच्या डब्यातली त्यांची जुनी लाकडी फणी काढली, आणि आता दुपारी उन्हाला बसल्या की आधी मनीला विंचरतात, मग शेरूला. फणी वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवायची, ते पाणी डोळ्यांजवळ नेऊन बघायचं आणि "काही नाही" म्हणायचं. शेरू आता फणी दिसली की स्वतःच पाठ करून बसतो. आत्ता हे लिहितेय तेव्हा दोघं समोरच आहेत.

---

शेंगाचटणी | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

वहिनी, वाचून फार बरं वाटलं. आमच्या कुत्र्यालाही नेऊन आणलं मी, वजन करून.

---

तीन_पिल्लं | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

माझी तिन्ही पिल्लंही वाचली. एकाला रक्त कमी म्हणून औषध चालू आहे. डॉक्टर, आता त्यांना मानेवरचं चालेल ना?

---

गोठा_ते_घर | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

तीन_पिल्लं, आता वय झालं, पण वजन करून घ्या. तुळसताई, थंडीत घरातली ऊब पुरते त्यांना, त्यामुळे औषध मधेच बंद करू नका. शेरूच्या गोळीचे बारा आठवडे कधी संपतात?

---

गच्चीवरची_तुळस | २२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

१४ डिसेंबर. आणि मनीचं २१ डिसेंबर. सासूबाईंनी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर एकादशीच्या खाली लिहून ठेवलंय.